पडदा का अंधारतो?

मध्यंतरी चंद्रपूरहून मावसभावाचा फोन आला. पोराने पैसे साठवून गेमिंग मॉनिटर घेतला आहे, १४४ हर्ट्झवाला. म्हणाला, "दादा, ते मोशन ब्लर कमी करायचं सेटिंग ऑन केलं का स्क्रीन काऊन अंधारते? माल खराब आला का?"

माल खराब नव्हता. ते सेटिंग पडदा अंधारवूनच काम करतं. दोन मिनिटांत त्याची समजूत घालता आली असती, पण विषय डोक्यात राहिला आणि दोन विकांत त्यातच गेले. कारण हा प्रश्न गेमिंगचा नाहीच मुळी, तो सिनेमाइतका जुना आहे. हलती चीज स्पष्ट दाखवायची तर उजेड गमवावा लागतो आणि उजेड ठेवायचा तर स्पष्टता जाते. हा सौदा पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या लोकांनी केलाय आणि प्रत्येकाने काही ना काही किंमत मोजली आहे. तर मंडळी, त्या सौद्याचा हा इतिहास. सुरुवात मुंबईत होते आणि शेवट आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात.

७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या 'सिनेमॅटोग्राफ'चा खेळ झाला. हिंदुस्थानातला पहिला सिनेमा. एक रुपया तिकीट, त्या काळी भलतंच महाग! लोकांनी पडद्यावर रेल्वे येताना पाहिली, कारखान्यातून माणसं बाहेर पडताना पाहिली. पण एक गोष्ट कुणालाच दिसली नाही, ती म्हणजे पडद्यावरचा अंधार. आणि तो खेळाचा बराचसा वेळ तिथे होता.

हे जरा समजून घेऊ. सिनेमाची फिल्म सलग सरकत नाही. एक फ्रेम भिंगासमोर येते, थांबते, मग झटक्यात पुढची येते. ही ओढाओढ चालू असताना दिवा सुरूच राहिला तर पडद्यावर उभ्या रेघांचा चिखल दिसेल. म्हणून भिंगाच्या वाटेत एक फिरतं पातं बसवलं, तेच शटर. फ्रेम हलत असताना पातं उजेड अडवतं, फ्रेम थांबली की बाजूला होतं. म्हणजे चित्र स्वच्छ दिसावं म्हणून पडदा सेकंदाला अनेकदा चक्क बंद करायचा. थेटरात तीन तासांचा सिनेमा बघून आलेल्या आपल्या आजोबांनी त्यातला साधारण दीड तास काळोख पाहिलेला आहे. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण :)

आता उजेड अर्धा वेळ अडवला तर डोळ्याला काय दिसतं? याचं उत्तर सिनेमाच्याही आधीचं आहे. इंग्लंडात टॅल्बट यांनी १८३४ मध्ये आणि बेल्जियममध्ये प्लॅटो यांनी त्याच सुमारास ते मांडलं. उजेड पुरेशा वेगाने चालू-बंद केला तर डोळ्याला त्याची सरासरी दिसते. अर्धा वेळ चालू म्हणजे अर्धा उजेड. एवढाच हिशेब. पण यातला 'पुरेशा वेगाने' हा शब्द महत्त्वाचा. वेग कमी पडला की सरासरीऐवजी लुकलुक दिसते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम असायच्या आणि एका फ्रेमला एकच लखलखाट दिला तर पडदा अक्षरशः फडफडायचा. इंग्रजीत सिनेमाला 'फ्लिक' म्हणतात ते या लुकलुकीवरूनच.

यावर १९०३ च्या सुमारास तोडगा निघाला तो भन्नाट होता. लुकलुक जास्त होते ना, मग आणखी अंधार करा! एकाऐवजी तीन पाती बसवली. फ्रेम तीच, पण ती तीनदा दाखवायची. १६ गुणिले ३ म्हणजे सेकंदाला ४८ लखलखाट. तेवढ्यावर डोळा शांत झाला. पुढे बोलपट आले (आपला 'अयोध्येचा राजा' १९३२ चा), आवाजासाठी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या ठरावीक वेगाने पळवणं भाग पडलं, तेव्हा दोन पाती पुरली. २४ गुणिले २, पुन्हा ४८.

हे सगळं आपल्याकडच्या माणसांनी हाताने केलंय हे विसरायला नको. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटल्यासारखे रोज चित्रपट बघू लागले. तासन्तास बघणं, रात्री प्रयोग, झोप जेमतेम. शेवटी काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, त्यानंतर १९१२ मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यांच्या डोळ्यांचं दुखणं पडद्याच्या लुकलुकीमुळेच झालं असा दावा मी करणार नाही. पण त्या काळी सिनेमा बघणं हे डोळ्यांचं काम होतं, आरामाचं नाही, एवढं नक्की.

आणि मग ते तंबूतले सिनेमे. गावोगावच्या जत्रांमधून ट्रकवर प्रोजेक्टर लादून फिरणारे लोक. त्यांच्यावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा सुंदर माहितीपट २०१६ मध्ये आला, मिळाला तर जरूर बघा. तंबूत दिवा किती प्रखर लावायचा, कार्बनच्या कांड्या किती जाळायच्या, हा ऑपरेटरचा रोजचा प्रश्न. शटर अर्धा उजेड खाणार हे ठरलेलं. तो भरून काढायचा तर दिवा मोठा हवा, मोठ्या दिव्याला खर्च मोठा.

इथे एक गंमत आहे आणि ती पुढे मॉनिटरला लागू पडते. अमेरिकेतल्या फेरी यांनी १८९२ मध्ये आणि इंग्लंडातल्या पोर्टर यांनी १९०२ मध्ये दाखवून दिलं की पडदा जितका उजळ तितकी लुकलुक जास्त जाणवते. मंद पडद्याला ४८ लखलखाट पुरतात, प्रखर पडद्याला पुरत नाहीत. थेटरात काळोख असतो तो फक्त वातावरणनिर्मितीसाठी नाही. पडदा मंद ठेवता यावा, मंद पडदा उजळ वाटावा आणि लुकलुक कळू नये, हे सगळं त्या एका काळोखाने साधतं. थेटरच्या पडद्याचं प्रमाण ठरलं ते सुमारे ४८ निट्स. तुमच्या टेबलावरचा मॉनिटर २५० ते ४०० निट्सचा असतो. हा ४८ चा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा भेटणार आहे.

सिनेमानंतर टीव्ही. जुन्या डब्बा टीव्हीत, म्हणजे सीआरटीत, शटर नव्हतं. इलेक्ट्रॉनचा किरण पडद्यावर ओळीओळीने धावायचा. तो जिथे पडेल तिथला फॉस्फर क्षणभर चमकायचा आणि विझायचा. म्हणजे कुठल्याही क्षणी पडद्याचा थोडासा पट्टाच उजळ, बाकी अंधार. पुन्हा तीच गोष्ट! आपल्याकडे हे सेकंदाला ५० वेळा व्हायचं. ५० च का? कारण आपली वीज ५० हर्ट्झची. आमच्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला बरोबर ५०. युरोपातही वीज ५० हर्ट्झची, तिथल्या टीव्हीने वेग विजेवरून घेतला आणि ती पद्धत आपण उचलली. (दुर्गापूरच्या चिमण्या बघत मोठं झालेल्या माणसाला ही माहिती फार सुखावून जाते, म्हणून सांगितली.)

५० पुरेसे नव्हते. ब्राइटनेस वाढवला की टीव्ही डोळ्याच्या कोपऱ्यातून थरथरताना दिसायचा, फेरी-पोर्टर म्हणाले होते तसंच. मग युरोपात १०० हर्ट्झचे टीव्ही आले. त्यांनी प्रत्येक चित्र दोनदा दाखवायला सुरुवात केली, म्हणजे दोन पात्यांचीच आयडिया. लुकलुक गेली, पण धावणाऱ्या फुटबॉलला जुळा भाऊ दिसू लागला. कारण साधं आहे. आपला डोळा चेंडूबरोबर सलग सरकत असतो. तेच चित्र त्याच जागी दुसऱ्यांदा चमकलं तेव्हा डोळा पुढे गेलेला असतो, त्यामुळे ते डोळ्याच्या पडद्यावर दुसऱ्या ठिकाणी पडतं. एका चेंडूचे दोन होतात. सिनेमात कॅमेरा आडवा फिरताना विजेचे खांब दुहेरी दिसतात तेही याचमुळे. थोडक्यात, लुकलुक, दुहेरी प्रतिमा आणि मंद उजेड या तिघींपैकी एकीला तरी घरात घ्यावंच लागतं.

मग २००७-०८ च्या सुमारास एलसीडीने सीआरटीला हरवलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एलसीडी लुकलुकत नाही. मागचा दिवा कायम चालू, चित्र बदलेपर्यंत आहे तसं थांबलेलं. उजेड भरपूर, डोळ्याला आराम. आम्ही शाळेच्या लॅबमधल्या सीआरटीपुढून उठून आलेली पोरं, आम्हाला तर ते स्वर्गच वाटलं होतं. पण काउंटर-स्ट्राइक खेळणारी मंडळी कुरकुरत होती. "जुन्या डब्ब्यावर माणूस स्पष्ट दिसायचा, इथे फरफटतो." लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. बरोबर मात्र तेच होते.

हिशेब करून बघू. ६० हर्ट्झच्या एलसीडीवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद जागेवर थांबते. समजा शत्रू पडद्यावर सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने पळतोय. एका फ्रेमच्या वेळात डोळा १६ पिक्सेल पुढे सरकतो, चित्र मात्र जागचं हलत नाही. परिणाम, १६ पिक्सेल रुंदीची फरफट. म्हणजे हा ब्लर पडद्यावर नाहीच, तो आपल्या डोळ्यात तयार होतो. सोपा नियम असा की फ्रेम जितके मिलिसेकंद उजळ राहील, तितके पिक्सेल ब्लर (वेग सेकंदाला हजार पिक्सेल धरून). सीआरटीचा फॉस्फर मिलिसेकंदभरात विझायचा, म्हणून तो स्पष्ट. एलसीडीने अंधार काढून टाकला आणि त्याबरोबर स्पष्टताही गेली.

जाता जाता, मॉनिटरच्या खोक्यावर ठळक छापलेलं '१ मिलिसेकंद' बहुतेकदा वेगळंच असतं. पिक्सेल एका रंगातून दुसऱ्यात जायला किती वेळ घेतो, ते. फ्रेम किती वेळ उजळ राहते याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. दुकानदार ते सांगणार नाही, म्हणून इथे सांगितलं.

अंधार परत आणला तो गेमर्सनीच, आणि तेही मागच्या दाराने. २०११ मध्ये एनव्हिडियाने लाइटबूस्ट नावाची सोय आणली. ती होती त्रिमिती चष्म्यासाठी. एका डोळ्याचं चित्र दुसऱ्या डोळ्यात सांडू नये म्हणून बॅकलाइट क्षणभरच चमकवायचा. २०१२-१३ च्या सुमारास काही उचापती लोकांनी चष्मा बाजूला ठेवला आणि नुसतं लाइटबूस्ट चालू करून पाहिलं. हलतं चित्र एकदम सीआरटीसारखं! मग कंपन्यांना जाग आली. एनव्हिडियाचं यूएलएमबी, २०१७ मध्ये बेनक्यूचं डायॅक, असं प्रत्येकाने आपापलं नाव देऊन तेच शटर विकायला काढलं. २०१४ मध्ये ऑक्युलसच्या व्हीआर हेडसेटनेही हाच मार्ग धरला, तिथे तर डोळ्यांभोवती काळोख आयताच असतो.

आता मावसभावाचा प्रश्न. १२० हर्ट्झला एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांची. त्यात बॅकलाइट फक्त १ मिलिसेकंद चमकवला तर उरलेला सगळा वेळ काळोख. टॅल्बट-प्लॅटोच्या हिशेबाने उजेड १२ टक्के. ४०० निट्सचा मॉनिटर झाला ४८ निट्सचा. आठवला आकडा? थेटरचा पडदा! शंभर वर्षांपूर्वीचं शटर टेबलावर आणलं आणि उजेडही थेटरचाच मिळाला. (आकडे मी सोयीचे निवडलेत हे मान्य, पण प्रमाण हेच.)

यातून बाहेर पडायची वाट एकच. चमक लहान असेल तर ती प्रखर हवी. एलईडीला क्षणभर जास्त करंट द्यायचा, मग तो सरासरीत भरून निघतो. पण एलईडी तापतो आणि त्याला मर्यादा आहेत. २०२३ मध्ये आलेल्या यूएलएमबी २ मध्ये हे बऱ्यापैकी जमलं, २५० निट्सच्या घरात उजेड ठेवून. शिवाय फ्रेमचा वेग सतत बदलत असेल तर चमक कधी पाडायची हा आणखी एक गुंता. चमकांमधलं अंतर बदललं की सरासरी बदलते आणि पडदा उजळ-मंद होत राहतो. त्यावरचा पल्सार नावाचा तोडगा २०२४ मध्ये जाहीर झाला. दुसरी वाट म्हणजे फ्रेमच इतक्या वाढवायच्या की काळोखाची गरजच उरू नये. ५०० हर्ट्झला फ्रेम २ मिलिसेकंदांची, ब्लर आपोआप कमी. पण सेकंदाला ५०० चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड कुणाच्या खिशाला परवडतं?

तोवर फुकटातला सल्ला. स्ट्रोबिंग चालू करायचं तर खोलीतला दिवा बंद करा, खिडकीला पडदा लावा. ४८ निट्स दुपारच्या उजेडात मळकट दिसतील, काळोखात मस्त दिसतात. वेग १०० हर्ट्झच्या वर ठेवा आणि गेमचे फ्रेम त्याच्याइतकेच असू द्या, नाहीतर चेंडूचा जुळा भाऊ परत येईल. डोकं दुखायला लागलं तर सरळ बंद करा. आणि कोड लिहायला, मेल वाचायला याचा काडीचा उपयोग नाही, तिथे काहीच पळत नसतं (प्रोजेक्टच्या डेडलाइन सोडून).

इथवर विषय खेळाचा आहे. चुकला तर फार तर एक राउंड हरू. पण जे पडद्याचं गणित तेच कॅमेऱ्याचंही असतं, फक्त उलट्या बाजूने. तिथेही उजेड किती आणि किती वेळ, एवढाच प्रश्न. आणि आमच्याकडच्या जंगलात त्या प्रश्नावर कधी कधी जीव अवलंबून असतो.

पूर्वी वाघ मोजायचे पंजाच्या ठशांवरून. काच ठेवून ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि त्या मोजणीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅपची पद्धत आली. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे, मधून वाघ गेला की दोन्ही कुशींचे फोटो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, आणि डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. गिनीज बुकात नोंद झाली.

पण वाघ फिरतो रात्री आणि थांबत नाही. समजा तो सेकंदाला सव्वा मीटर चालतोय. इन्फ्रारेड एलईडीचा कॅमेरा मंद उजेड देतो, म्हणून त्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं. ते सेकंदाचा विसावा भाग धरा. तेवढ्यात वाघ सहा सेंटिमीटर पुढे! पट्टे एकमेकांत मिसळतात आणि फोटोत 'एक वाघ' दिसतो, कोणता ते कळत नाही. झेनॉन फ्लॅशची पांढरी चमक मिलिसेकंदभराची. तेवढ्यात वाघ सरकतो सव्वा मिलिमीटर. पट्टा न् पट्टा मोजून घ्या. हे स्ट्रोबिंगच झालं, क्षणभर प्रखर उजेड आणि बाकी काळोख. किंमत इथेही आहे. फ्लॅश बॅटरी खातो, पुन्हा भरायला काही सेकंद घेतो आणि जनावराला दिसतो. इन्फ्रारेड यातलं काही करत नाही, पण ओळखही तितकीशी पटवत नाही.

ओळख पटण्याला महत्त्व किती? ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात, वडसा भागात 'सीटी-१' नावाचा वाघ बेशुद्ध करून पकडला गेला. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा अशा तीन जिल्ह्यांतल्या १३ माणसांचे मृत्यू त्याच्या नावावर होते. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, शेतावर जाणारी आपलीच माणसं. अशा वेळी गावाचा राग रास्त असतो आणि घाईही. पण त्या पट्ट्यात वाघ एकच नसतो. चुकीचा पकडला तर एक निरपराध जनावर पिंजऱ्यात जातं आणि ज्याच्यापासून धोका आहे तो मोकळा राहतो. म्हणून व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धतीच सांगते की आधी कॅमेरा ट्रॅपचे फोटो ताडून नेमका वाघ ठरवा. तिथे धूसर फोटोचा काही उपयोग नाही.

उजेड वाढवला की जास्त दिसतं, अशी आपली साधी समजूत असते. मॉनिटर घेताना आपण निट्स बघतो, मोबाइल घेताना निट्स बघतो. स्थिर गोष्टींपुरतं ते खरंही आहे. पण हलणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत उजेड किती याहून तो किती वेळ, हे जास्त महत्त्वाचं. फाळक्यांच्या वेळचं शटर, जुन्या टीव्हीचा फॉस्फर, गेमिंग मॉनिटरची चमक आणि ताडोबातला फ्लॅश, सगळ्यांनी हेच ओळखलं की थोडा वेळ भरपूर उजेड द्यायचा आणि मग मुकाट्याने काळोख होऊ द्यायचा.

असो. लेख नेहमीपेक्षा लांबला. स्ट्रोबिंग वापरणाऱ्यांनी आपापले अनुभव जरूर लिहा, विशेषतः डोकं दुखतं का ते. आणि ताडोबाला गेलात तर वाटेच्या कडेला झाडाला बांधलेल्या त्या छोट्या पेट्यांकडेही एकदा बघा, पण हात लावू नका!